पाटी-पेन्सिलीच्या आधी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भुवनेश्वर येथे भरलेल्या पालक-मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात शाळापूर्व शिक्षणावर मी चार शब्द बोलावेत, असा आग्रह आपल्या चिटणीसांनी धरला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. साधा बी. ए. झालेला मनुष्य आहे. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात माझी चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधण्यात गेली. अशा माणसाने बालशिक्षणावर बोलणे म्हणजे आगंतुकपणाच होय. तरीही अखेर मी होकार दिला, कारण या विषयात माझ्या हातून दोन चुका घडल्या आहेत. त्यांतील एक माझ्या घरात घडली आणि दुसरी याच मंडळात. दुसऱ्यांच्या चुकांवर आयुष्यभर शेरे लिहिणाऱ्याने स्वतःच्या चुकांवरही एकदा शेरा लिहावा, असे मला वाटले.

दुसरी चूक आधी सांगतो, कारण ती आपणा सर्वांशी संबंधित आहे. मंडळाच्या सभागृहाला लागून असलेल्या खोलीत आपला बालवर्ग भरतो. भगिनी-विभागाने तो मोठ्या उमेदीने सुरू केला आणि पुष्कळ वर्षे पदरमोड करून चालवला. आज त्याच्या पटावर अवघी सात मुले आहेत. ही खोली एका खाजगी इंग्रजी 'प्ले स्कूल'ला भाड्याने द्यावी आणि त्या उत्पन्नातून सभागृहाची डागडुजी करावी, असा प्रस्ताव सध्या कार्यकारिणीपुढे आहे. चार वर्षांपूर्वी मानद हिशेबतपासनीस या नात्याने मी अहवालात लिहिले होते की, 'बालवर्ग सातत्याने तुटीत असून त्याच्या उपयुक्ततेचा फेरविचार व्हावा.' आजचा प्रस्ताव त्या वाक्यातून जन्मला आहे. आकडे बरोबर होते. मात्र ज्या वर्गाच्या उपयुक्ततेवर मी शेरा मारला, त्या वर्गात मी तोपर्यंत एकदाही पाऊल टाकले नव्हते. ही गोष्ट अहवालात नमूद झालेली नाही, म्हणून आज तोंडी नमूद करतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. अडीच वर्षांपासून चार वर्षांपर्यंतचे मूल, ज्याला अद्याप के. जी.चाही उंबरठा ओलांडायचा आहे, त्याला शिक्षण कसले, असा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना पडला असता. त्या काळी घर भरलेले असे. आजी होती, आत्या होती, चुलत भावंडे होती, अंगण होते. शिक्षण चालूच होते, फक्त त्याला ते नाव नव्हते. युरोपात फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. रोममधील एका गरीब कामगार वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह उघडले. मूल स्वतःच्या हातांनी करून शिकते, मोठ्यांनी त्याच्यासाठी योग्य वस्तू व योग्य वातावरण सिद्ध करावे आणि मग निरीक्षण करीत बाजूला उभे राहावे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता.

हा विचार आपल्या देशात रुजवण्याचे मोठे श्रेय सौराष्ट्रातील भावनगरकडे जाते. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील होते. आपल्याला मुलगा झाल्यावर त्याला वाढवायचे कसे, या विचारात पडून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मारझोड नाही, बक्षिसांचे आमिष नाही. गोष्टी, गाणी, नाटक, हस्तोद्योग आणि मुलांविषयी निरपवाद आदर, हे त्या बालमंदिराचे सूत्र होते. मिशा असलेली आई, या अर्थाने गुजरातमध्ये त्यांना 'मूछाळी मा' म्हणत.

या गिजुभाईंच्या कार्यात १९२३ साली एक मराठी बाई येऊन सामील झाल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोट येथील मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या, तेथे राहून काम केले, गुजरातीत लिहिले. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रातील बालशिक्षणाची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांनी तिचे पहिले धडे महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या भाषेच्या अंगणात गिरवले होते. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला.

परंतु शहरातील सुस्थित मुलांचे बालमंदिर एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी पुढील सारे आयुष्य या एका कामाला दिले.

बोर्डीत त्यांना जो अनुभव आला, तो मी आज मुद्दाम सांगणार आहे. बालवाडी उघडली, पण ज्या मुलांसाठी ती उघडली ती दलित वस्तीतील मुले येईनात. घरची माणसे पहाटेपासून मजुरीवर जात. मुलांना न्हाऊमाखू घालून, केस विंचरून, हात धरून बालवाडीपर्यंत आणणार कोण? अशा वेळी मुले येत नाहीत, तेव्हा वर्ग बंद करावा, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. माझ्यासारख्या हिशेबनिसाने तोच काढला असता. ताराबाई व अनुताई यांनी उलट मार्ग धरला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरवले. त्या वस्तीत जाऊ लागल्या. मुलांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, आणि तेथेच झाडाखाली किंवा ओट्यावर गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावेत, असा क्रम चालू झाला. 'अंगणवाडी' हा शब्द व ती कल्पना या कामातून आली.

पुढे १९५०च्या दशकात हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी भागात गेले. तेथील मोठी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून गुरे चरतात त्या माळावरच शाळा भरवली, ती कुरणशाळा. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्यावर तोड म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला नाव दिले विकासवाडी. माँटेसोरीची मूळ साधने महाग होती. तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, गोटे, बांबूच्या कांड्या यांपासून साधने तयार झाली. मोजायचे असेल तर चिंचोके मोजावेत, रंग ओळखायचे असतील तर फुले वेचावीत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हे सन्मान मिळाले. ताराबाई १९७३ साली व अनुताई १९९२ साली आपल्यातून गेल्या.

आणि आता एक योगायोग सांगतो. ज्या १९७५ साली या शहरातील मोजक्या मराठी कुटुंबांनी आपले मंडळ स्थापन केले, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ती देशातील ३३ प्रकल्पांपुरती होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार पुढील उपचारांसाठी रवानगी, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि मुलांचे शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तिने एका छपराखाली आणल्या. त्या छपराला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीत उगवलेला हा मराठी शब्द आज देशातील सुमारे १४ लाख केंद्रांच्या पाट्यांवर आहे. येथील ओडिया खेड्यांतही तोच शब्द चालतो. आपल्या भाषेने देशाला दिलेले हे देणे आपण मात्र विसरत चाललो आहोत.

हा इतिहास मला पूर्वी ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर १९९८ साली मी जे केले ते कदाचित केले नसते. आता माझी पहिली चूक सांगतो.

तेव्हा माझी बदली उत्तरेतील एका मोठ्या शहरात झाली होती. मुलगी तीन वर्षांची होती. वडील गेल्यानंतर आई आमच्याकडेच राहावयास आली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. संध्याकाळी तांदूळ निवडत बसे आणि नात तिच्या मांडीशी लागून गोष्ट ऐके. एका नामांकित शाळेच्या नर्सरीत प्रवेश घ्यायचा ठरला. तेथे मुलाची मुलाखत होत असे. म्हणून महिनाभर आम्ही उभयतांनी मुलीकडून इंग्रजी रंग, इंग्रजी फळे आणि सव्वीस अक्षरे घोकून घेतली. कार्यालयातून आलो की मी तिला पुढ्यात बसवून प्रश्न विचारी. उत्तर चुकले की माझा आवाज चढे. प्रवेश मिळाला. आम्ही पेढे वाटले.

दोन महिन्यांनी वहीत निरोप आला की मुलगी वर्गात काहीच बोलत नाही, तरी घरी फक्त इंग्रजीतच बोलावे. सरकारी नोकराला परिपत्रक पाळण्याची सवय असते. मी घरात तसाच हुकूम काढला. पत्नीला इंग्रजी येत होते, मला येत होते. आईला येत नव्हते. ती काही बोलली नाही. दोन-तीन दिवसांनी नात पाणी मागू लागली, तेव्हा आईने स्वयंपाकघराच्या दारातून मला विचारले, "पाण्याला तरी पाणी म्हणू का रे?"

मी हसलो. तिने तो प्रश्न थट्टेने विचारला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्यानंतर ती नातीशी बेताचेच बोले. संध्याकाळचे तांदूळ ती एकटीच निवडू लागली. मुलगी पुढे उत्तम शिकली, आज चांगल्या हुद्द्यावर आहे. तिची माझ्याविरुद्ध काहीच तक्रार नाही. आई २००४ साली गेली. तिचीही काही तक्रार नव्हती. म्हणून ही चूक कोणत्याच वहीत नोंदली गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन महिनाभर आमच्याकडे राहिली. एका रात्री त्याला निजवताना तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "बाबा, आजी ती चिमणी-कावळ्याची गोष्ट कशी सांगायची हो? सुरुवात आठवते, शेवट आठवतो. मधले काहीच आठवत नाही." मलाही सांगता येईना. आई गोष्ट सांगत असे तेव्हा मी शेजारच्या खोलीत फायली पाहत बसलेला असे. गोष्ट ज्या वयात मनात पक्की व्हायची, त्याच वयात मी ती मध्येच थांबवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला घेऊन आपल्या बालवर्गात गेलो. बाईंना म्हटले, "जरा मागे बसू का?" त्यांना वाटले, हिशेबतपासनीस तपासणीस आले आहेत. त्यांनी घाईने हजेरीपुस्तक पुढे केले. मी ते बाजूला ठेवले आणि सतरंजीवर बसलो. त्या दोन तासांत जे पाहिले ते जमेल तसे सांगतो.

आरंभी एक ताट आले. त्यात राजमा, हरभरे आणि चिंचोके एकत्र केलेले होते आणि तीन वाट्या होत्या. एक मुलगी एकेक दाणा चिमटीत धरून वेगवेगळ्या वाटीत टाकीत होती. मला प्रथम वाटले, हा निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार आहे. बाईंनी नंतर समजावून सांगितले, तेव्हा उमजले. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे अजून पुरती घट्ट झालेली नसतात, बोटांचे स्नायू कोवळे असतात. पेन्सिल ज्या चिमटीत धरायची, ती चिमूट अशा कामांतून तयार होते. तसेच सारखे ते एकत्र व वेगळे ते बाजूला, हा पुढील सर्व गणिताचा पाया आहे. दुसरा मुलगा एका तांब्यातले पाणी दुसऱ्या तांब्यात ओतीत होता. थोडे सांडे, त्यानेच फडके आणून पुसले. कुणी रागावले नाही. हात आणि डोळा यांचा मेळ, कामाला आरंभ असतो तसा शेवटही असतो ही जाणीव, आणि सांडले तर आपणच पुसायचे असते हा संस्कार, एवढे सारे त्या दोन तांब्यांत होते.

मला आईचे स्वयंपाकघर आठवले. मटार सोलणे, शेंगा फोडणे, वाती वळणे, कणकेच्या गोळीची वेडीवाकडी पोळी लाटणे, डब्याला नेमके त्याचेच झाकण शोधणे. माँटेसोरीबाईंनी जीवनव्यवहाराचे उद्योग म्हणून जे सांगितले, ते आमच्या ओट्याखाली रोज चालत असे. आज आपण मुलाला स्वयंपाकघरातून उचलून बाहेर पडद्यासमोर बसवतो, त्याच्या हाती मोबाइल देतो, आणि मग बोटांना वळण लागावे म्हणून फी भरून रंगीत साधने आणतो.

त्यानंतर बाईंनी गोष्ट सांगितली. तीच, चिमणी-कावळ्याची. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुलीला व मला न आठवणारे मधले ते हे : प्रत्येक वेळी चिमणी आत आपल्या बाळाचे काही ना काही करीत असते. आधी न्हाऊ घालणे, मग अंग पुसणे, मग अंगडे घालणे, मग काजळ-तीट, मग पाळण्यात निजवणे. मुले प्रत्येक ठोठावण्यासरशी पुढचे काम ओरडून सांगत होती. स्वतःच्या रोजच्या सकाळचा क्रम ती त्या गोष्टीत ओळखत होती. कशानंतर काय, हे भान. पुढे काय येणार याचा अदमास. बोलण्याची पाळी येईपर्यंत थांबणे. तेच वाक्य पुन्हापुन्हा ऐकून त्याची घडण जिभेवर बसणे : वाचन शिकण्यापूर्वी मनाची जी तयारी लागते, ती हीच. माझा नातू तोपर्यंत माझ्या मांडीला घट्ट धरून बसला होता. चौथ्या ठोठावण्याला तो उठला आणि जमिनीवर मूठ आपटून त्याने दार ठोठावले.

त्या खोलीत पाटी नव्हती, वही नव्हती, गृहपाठ नव्हता. घरी गेल्यावर पालक मुलाला विचारतात, "आज काय शिकलास?" आणि मूल सांगते, "खेळलो." मग पालकांना वाटते, पैसे वाया गेले. आमच्या खात्याची एक सवय आहे : कागदावर दिसेल तेवढेच घडले असे आम्ही धरतो. पालकही आता तसेच हिशेबतपासनीस झाले आहेत. वहीत अक्षरे दिसली की त्यांना पावती मिळाल्यासारखे वाटते. या वयातील शिक्षणाची पावती लगेच मिळत नाही; पुष्कळदा ती मुलाच्या बोलण्यातून, हातातून, धीटपणातून काही वर्षांनी उमटते.

येथे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे, की आपण ओडिशात राहतो. मुलाला ओडिया हवी, हिंदी हवी, इंग्रजी तर हवीच. मग मराठीचा हा आग्रह कशाला? माझे उत्तर असे की लहान मूल दोन-तीन भाषा सहज उचलते, मात्र त्यातील एक तरी तिच्या मुळांसकट त्याच्याजवळ असावी. आपल्या मुलाने अंगणातून 'आई' म्हणून हाक मारली की शेजारच्या ओडिया काकूंना नवल वाटते, कारण ओडियात 'आई' म्हणजे आईची आई. आणि 'अजा' म्हणजे आईचे वडील, आपला आजाच की. मावशीला येथे 'माउसी' म्हणतात. पुरीला परतीच्या यात्रेत जगन्नाथाचा रथ माउसीमाच्या मंदिरापाशी थांबतो. ज्या मुलाच्या मनात आजा आणि मावशी हे शब्द माणसांसकट पक्के बसले आहेत, त्याला अजा आणि माउसी शिकायला किती वेळ लागेल? पण ज्याच्या घरी सारेच 'अंकल' आणि 'आंटी' आहेत, त्याला दोन्ही घरे परकी. घरची भाषा बाहेरच्या भाषेचा अडसर होत नाही, ती तिच्याकडे जाणारी पायरी होते. हे मी १९९८ साली उलटे समजलो.

आता कायद्याचे दोन शब्द, कारण सरकारी माणसाच्या भाषणात ते नसले तर आपणास चुकल्यासारखे वाटेल. घटनेच्या ४५व्या अनुच्छेदात २००२ सालच्या ८६व्या दुरुस्तीने बदल झाला आणि सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व झाले. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, असे सुचवले होते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला; मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांपूर्वी होते, असे त्यात म्हटले आहे. खेळ, गोष्टी व घरची भाषा यांवर त्या धोरणाचा भर आहे. ताराबाई व अनुताई यांनी झाडाखाली जे केले, तेच आता सरकारी कागदावर आले आहे. धोरण कागदावर येणे व घरात येणे यांत मात्र अंतर असते, आणि हे अंतर तोडण्याचे काम सरकार करू शकत नाही.

अखेरीस आपल्या खोलीविषयी. सात मुले का, याचा मी गेले दोन महिने शोध घेतला. पूर्वी बहुतेक सभासद सभागृहापासून चालत येण्याच्या अंतरावर राहत. आता तरुण कुटुंबे पटिया, चंद्रशेखरपूर, खंडगिरी अशी शहरभर पांगली आहेत. आई-वडील दोघेही नोकरीवर जातात. सकाळी दहा वाजता अडीच वर्षांच्या मुलाला येथवर आणणार कोण? म्हणजे बोर्डीच्या वस्तीत १९४५ साली जो प्रश्न होता, तोच वेगळ्या कपड्यांत आपल्यापुढे उभा आहे. त्यावरचे उत्तरही तेथेच मिळालेले आहे. मुले वर्गाकडे येत नसतील तर वर्गाने मुलांच्या अंगणात जावे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, खोली भाड्याने द्यायचीच असेल तर दुपारनंतर द्यावी. सकाळचे दोन तास बालवर्गाचे राहू द्यावेत. दुसरी, आठवड्यातून दोन दिवस, शनिवारी व रविवारी, जेथे चार-पाच मराठी कुटुंबे जवळ राहतात तेथे, एखाद्याच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात, फिरता बालवर्ग भरवावा. साहित्य काय लागते ते मी पाहिले आहे : एक सतरंजी, दोन तांबे, तीन वाट्या, मूठभर चिंचोके. शेजारची ओडिया मुले आली तर त्यांनाही बसवावे. चिमणी-कावळा त्यांच्याही अंगणात येतात. तिसरी विनंती माझ्यासारख्या निवृत्तीकडे झुकलेल्यांना आहे. आपण प्रत्येकाने आठवड्याचा एक तास द्यावा आणि आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट त्या मुलांना सांगावी. ज्यांना मधले आठवत नसेल त्यांनी बाईंकडून शिकून घ्यावे. मी शिकलो आहे. पहिल्या शनिवारी पटियाला जाण्याची तयारी मी चिटणीसांकडे लेखी कळवली आहे.

आणि तरुण मातापित्यांनो, घरी आजी-आजोबा आले असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. फोनवर असतील तर रोज दहा मिनिटे मुलाला त्यांच्या हवाली करा. शाळेतून कसलाही निरोप आला तरी पाण्याला पाणी म्हणण्याची मनाई घरात कोणालाही करू नका.

चार वर्षांपूर्वीचा माझा शेरा मंडळाच्या दप्तरात आहे. दप्तरातील कागद फाडता येत नाही, ते आमच्या नियमात बसत नाही. परंतु आमच्या खात्यात योग्य खुलासा मिळाल्यावर आक्षेप निकाली काढण्याची पद्धत आहे. तो खुलासा मला त्या सतरंजीवर मिळाला. सबब बालवर्गासंबंधीचा तो आक्षेप निकाली निघाला, असे आजच्या इतिवृत्तात नोंदवावे, अशी अध्यक्षांना विनंती करतो.